चर्चचं छप्पर: आधी कैचीचं डोकं पाहा, मग कवेलूचं बोला

चर्च गळायला लागलं की धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) बैठकीतलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "कवेलू काढा आन् टिन टाकून मोकळे व्हा." आमच्याकडेही तसंच झालं. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावच्या पुढे, काळ्या रानात उभं असलेलं आमचं चर्च विटा-चुन्याचं. वर सागवानी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, त्यावर इंग्रजी कवेलू, म्हणजे मंगलोरी कौलं. मी तेव्हा फायनान्स कमिटीत होतो. पत्र्याचे तीन भाव मागवले, त्यातला सगळ्यात कमी कोणाचा यावर दोन बैठका घातल्या. गावातला एक म्हातारा सुतार दोन्ही बैठकांना दाराजवळ बसून होता. उठताना एवढंच म्हणाला, "पयले कैचीचं डोस्कं पाहा जी, मंग कवेलूचं बोला."

आम्ही ते मनावर घेतलं नाही. महिन्याभरानं फादरनीच त्याला शिडी लावून दिली. भिंतीत शिरलेल्या आडव्या तुळईच्या टोकाभोवतालचा गिलावा त्यानं खरवडला आणि खुरपं टेकवलं, तर ते मुठीपर्यंत आत गेलं. बाहेरून तुळई ठणठणीत दिसत होती, आत नुसता भुसा. त्या दिवशी आमच्या तिन्ही भावपत्रकांना काही अर्थ उरला नाही. पुढं जे लिहितोय ते त्या खुरप्यापासून सुरू झालं.

एक पावसाळा वहीत लिहून काढा

घाई नसेल तर एक पूर्ण पावसाळा छपराला हात लावू नका, फक्त नोंद ठेवा. जिथं थेंब पडतो तिथं फरशीवर खडूनं गोल करा. तारीख, पाऊस कसा होता आणि वारा कुठून होता ते लिहा. पाऊस सुरू होताच गळत असेल तर कवेलू फुटलेलं किंवा सरकलेलं आहे. पाऊस थांबल्यावरही तासभर टपटप चालू राहत असेल तर कवेलूच पाणी पितंय, ते जुनं होऊन सच्छिद्र झालंय. वाऱ्यासोबतच्या तिरप्या पावसातच गळत असेल तर पाख्याचा (छपराच्या त्या बाजूचा) उतार कमी आहे किंवा कवेलू एकमेकांत नीट बसलेले नाहीत. भिंतीच्या कडेनं ओली रेघ उतरत असेल तर कवेलूचा दोषच नाही, छप्पर आणि भिंत जिथं भेटतात तो सांधा गेलाय.

थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भोक असेल असं मात्र समजू नका. पाणी वाशावरून दहा-दहा फूट घसरत येतं आणि गाठ दिसली की तिथं टपकतं.

आमच्या वहीत सव्वीस गोल झाले. त्यातले एकोणीस तीन जागी होते: वेदीमागच्या भिंतीलगत, पोर्चचं छपर मोठ्या छपराला मिळतं त्या कोनाड्यात आणि माकडांच्या वाटेवर. वानरांच्या टोळ्या शाळेच्या झाडावरून चर्चच्या पाख्यावर उड्या मारतात, आणि विदर्भात कवेलू जाऊन टिन येण्यामागं त्यांचा वाटा पावसापेक्षा कमी नाही. उरलेलं छप्पर पुष्कळ बरं होतं.

लाकडाची तपासणी

हे काम डिसेंबरात करा, लाकूड कोरडं असताना. एक सुआ, एक छोटी हातोडी, बॅटरी. प्रत्येक कैचीला नंबर द्या, वेदीकडून दाराकडे. प्रत्येक कैचीची पाच ठिकाणं बघायची: भिंतीत शिरलेली दोन टोकं, आढ्याखालचा सांधा आणि तिरपे वासे आडव्या तुळईला मिळतात ते दोन सांधे. हातोडीनं ठोकल्यावर टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर सुआ टोचा. चांगल्या सागात सुआ दोन-तीन सुतांपलीकडे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जात नाही. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर उधई (वाळवी) अजून जिवंत आहे. खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर तो भुंगा, उधई नाही.

टोकंच का सडतात? भिंत ओली होते, लाकडाला चारी बाजूंनी चुन्यानं बुजवलेलं असतं, हवा लागत नाही. बऱ्याच ठिकाणी या टोकांना डांबर फासलेलं सापडतं. आत शिरलेला ओलावा त्यामुळं आतच कोंडला जातो.

आमच्या सात कैच्यांपैकी दोनच कैच्यांची मिळून तीन टोकं गेलेली निघाली. अशा वेळी अख्खी कैची बदलायची गरज नसते. सडकं टोक निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचं, त्याच जाडीचं जुनं सागवान तिरप्या सांध्यानं जोडायचं, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या घालून आरपार बोल्ट मारायचे. पण तुळईला करवत लावण्याआधी कैचीला सांध्यांच्या खालून टेकू हवेत, आणि कुठं कापायचं, किती बोल्ट लागतील हे जिल्ह्याच्या ठिकाणच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कागदावर घ्या. त्याची फी बघून आमच्या कमिटीचे चेहरे पडले होते. आज मला तो सगळ्यात कारणी लागलेला खर्च वाटतो. नवीन टोक बसवताना खाली दगडी चिरा ठेवा आणि तिन्ही बाजूंनी बोटभर फट मोकळी सोडा. जोडाच्या लाकडावर बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्सचं पाणी दोनदा फासा, प्रमाण साधारण एकास दीड.

नवं सागवान घ्यावं लागलंच तर वनविभागाच्या डेपोतून किंवा परवानाधारक आरागिरणीतून, बिल आणि वाहतूक पास दोन्हींसह. आपल्या जिल्ह्यांत साग सहज मिळतो म्हणूनच हे सांगतोय. "अर्ध्या भावात आणून देतो" म्हणणारा भेटेलच. पास नसलेली तुळई चर्चच्या छपरात बसली तर वनरक्षक तुमच्याच दारात येईल.

कवेलू, टिन की स्लॅब

स्लॅबचा विषय एका हिशेबात संपतो. चार इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला सुमारे 250 किलो. कवेलूचं छप्पर रीपांसकट (कवेलू अडकवायच्या लाकडी पट्ट्यांसकट) 50-60 किलोच्या आसपास. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीवर चार-पाच पट ओझं, तेही काळ्या मातीवर, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. नको.

टिनाचा विचार मात्र नीट करावा लागतो, कारण त्याचे फायदे खरे आहेत. अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा चौरस मीटरला जेमतेम पाच किलो. माकडं फोडू शकत नाहीत, दरवर्षी फेरावं (काढून पुन्हा बसवावं) लागत नाही, काम आठवड्यात होतं. तोटेही तसेच. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा पत्र्याखाली मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, म्हणजे काय ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. जुलैत त्याच पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की प्रवचन पहिल्या बाकापलीकडे जात नाही. आणि ज्या तोट्याकडे कोणाचं लक्ष जात नाही तो वाऱ्याचा. जुनं छप्पर भिंतीवर फक्त आपल्या वजनानं बसलेलं असतं. ते ओझं काढून हलका पत्रा टाकला की एप्रिल-मेच्या वावटळीत पत्रा एकटा उडत नाही, कैचीही उचलली जाऊ शकते. म्हणून पत्रा टाकायचाच असेल तर आधी प्रत्येक कैचीचं टोक लोखंडी पट्टीनं भिंतीत चार-पाच फूट खालपर्यंत जखडा. ठेकेदार हे काम भावपत्रकात लिहीत नाहीत. तुम्ही लिहून घ्या.

माझं मत विचाराल तर असं: कैच्या दुरुस्त होण्यासारख्या असतील तर कवेलूच ठेवा. कैच्या गेल्या असतील आणि लोखंडी कैच्या बसवायच्याच असतील तर पत्रा घ्या, पण खाली उष्णतारोधक थर आणि लाकडी किंवा बांबूच्या तट्ट्यांचं छत हवंच.

हे मंगलोरी कवेलू मुळात मिशनऱ्यांच्याच कारखान्यातून देशभर गेले. बासेल मिशननं 1865 च्या सुमाराला मंगळूरला नेत्रावतीच्या मातीपासून ते बनवायला सुरुवात केली. आमच्या फादरना हे कळल्यावर टिनाची बाजू बैठकीत एकदम कमजोर झाली. हा युक्तिवाद तांत्रिक नाही, हे कबूल.

परवानगी आणि पैसा

क्रम असा ठेवा: धर्मग्रामाच्या फायनान्स कमिटीचा लेखी ठराव, इंजिनिअरचा अहवाल, तीन भावपत्रकं, आणि हे सगळं जोडून बिशप हाऊसला अर्ज. मोठ्या खर्चाला बिशपांची लेखी परवानगी लागते. ती हातात येईपर्यंत कोणाला आगाऊ रक्कम देऊ नका. जागेचा सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना 8 काढून मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. बऱ्याच जुन्या चर्चची जागा अजून मिशनच्या ट्रस्टच्या नावावर असते आणि सहीचा अधिकार गावात कोणाकडेच नसतो. ग्रामपंचायतीला दुरुस्तीचं पत्र द्या, पोच घ्या.

छपरासाठी गोळा केलेला पैसा छपरालाच लागला पाहिजे. हा चर्चच्या कायद्याचा नियम आहे, नुसता प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. पावतीपुस्तक वेगळं छापा. परदेशात गेलेला गावचा मुलगा तिकडचं नागरिकत्व घेऊन बसला असेल आणि पैसे पाठवतो म्हणाला तर थेट धर्मग्रामाच्या खात्यात घेऊ नका. परदेशी देणगीला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि ती रक्कम संस्थेच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातच यावी लागते. धर्मप्रांताच्या कार्यालयाला आधी विचारा.

वर्गणी कापूस विकल्यावर, जानेवारीत मागा. ऑगस्टमध्ये मागितली तर लोक नाही म्हणणार नाहीत, पण देणारही नाहीत.

कधी सुरू करायचं

आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्यावर येतो, म्हणून लोकांना वाटतं मे अखेरपर्यंत वेळ आहे. नाही. मार्चमध्ये मोहफुलं सुरू होतात, मेमध्ये तेंदूपत्ता. जंगलाच्या कडेच्या गावांत त्या दिवसांत मजूर सापडत नाही, आणि सापडला तर दुपारी कवेलूवर चढवणं हा गुन्हा आहे. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी आणि गारपीट येऊन जाते. आम्ही नाताळाची सजावट उतरवली आणि जानेवारीतल्या तीन राजांच्या सणानंतरच्या सोमवारी काम लावलं. ईस्टरपर्यंत संपवायचं ठरवलं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात लग्नं नसतात, त्यामुळं चर्च बंद असल्याचा कोणाला त्रास झाला नाही. मिस्सा शाळेच्या व्हरांड्यात.

ऊन तापायला लागलं की मजुरांची वेळ सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चारनंतर.

मोजमाप आणि खरेदी

पाख्याचं क्षेत्रफळ जमिनीवरून काढता येतं. आमचं चर्च 60 फूट लांब, 26 फूट रुंद. अर्धी रुंदी 13, वळचणीचे 2, म्हणजे आडवं अंतर 15 फूट. उतार 30 अंशांचा असेल तर याला 1.155 नं गुणा: साधारण 17.3 फूट. लांबीत दोन्हीकडे एकेक फूट बाहेर धरून 62. दोन पाख्यांचे मिळून सुमारे 2145 चौरस फूट, म्हणजे 200 चौरस मीटर. चौरस मीटरला 15 कवेलू धरले तर 3000, फुटतूट दहा टक्के धरून 3300. आढ्याचे कवेलू वेगळे, ते लांबीवर मोजा. एका कवेलूचं वजन अडीच किलो धरलं तर साडेसात टन कैच्यांवर बसणार, भिजल्यावर आणखी टनभर. इंजिनिअरला हा आकडा द्यायचा.

जुने चांगले कवेलू फेकू नका. बोटाच्या पेरानं वाजवा: घंटेसारखा खणखणीत आवाज आला की ठेवा, बद्द आला की बाजूला. आमचे निम्म्याहून जास्त टिकले. पण जुने आणि नवे एकाच पाख्यावर मिसळू नका. प्रत्येक कारखान्याच्या खाचा थोड्या वेगळ्या असतात, दोन सुतांचा फरकही पाणी आत घेतो. आम्ही रस्त्याकडच्या पाख्याला नवे लावले, मागच्या पाख्याला जुने.

नवा माल उतरवून घेण्याआधी गाडीतून कुठलेही सहा काढा. कोरडे तोला, चोवीस तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा तोला. वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढलं तर माल परत. दुसरी परीक्षा: कवेलूवर मातीची कड करून त्यात पाणी साठवा, सहा तासांनी खालून थेंब सुटता कामा नये.

उतरवणं

पहिल्या दिवशी कवेलूला हात लावायचा नाही. फादरांनी पवित्र साक्रामेंत (वेदीवरचा ख्रिस्तप्रसाद) हलवलं, मग मूर्ती, क्रूस, हार्मोनियम, पंखे. बाकं भिंतीला लावून ताडपत्रीनं झाकली. घंटेच्या मनोऱ्यात आग्या मोहोळ असेल तर जाणकार माणूस बोलावून आधी तेच काढा. वळचणीजवळून जाणारी विजेची तार असेल तर महावितरणला अर्ज देऊन ती बंद किंवा बाजूला करून घ्या, तोंडी सांगून नव्हे.

दोन्ही पाखे सारखेच हलके करत जा. एकाच बाजूचे सगळे कवेलू उतरवले की कैच्यांवर एकांगी भार येतो आणि त्या झुकतात. आमच्याकडे एकाच वेळी फक्त दोन कैच्यांमधला गाळा उघडत होतो, दोन्हीकडून, आणि संध्याकाळी तो ताडपत्रीनं बंद. दर्शनी त्रिकोणी भिंतीला आढ्याचा आधार असतो. तो सुटला की ती वाऱ्यात एकटी उभी राहते. तिला आतून-बाहेरून टेकू द्या.

वर चालणाऱ्या प्रत्येकाला सेफ्टी बेल्ट, आणि पाय ठेवायला पाख्यावर अडकवलेली शिडी. ठेकेदाराकडून मजुरांचा विमा कागदावर घ्या. माणूस पडला तर जबाबदारी टाळता येणार नाही.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांबद्दल नीट वाचा. आमच्या मागच्या खोलीवर कोणीतरी पूर्वी तेच टाकले होते. त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. तुटल्यावर उडणारी धूळ फुप्फुसात बसते आणि आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो. त्यावर पाय देऊ नका, काडकन मोडून माणूस थेट फरशीवर येतो. पाणी मारून ओले करा, एन-95 नव्हे, पी-100 किंवा एफएफपी-3 दर्जाचा मास्क लावा, हुक कापून अख्खेच उतरवा, जाड प्लास्टिकात गुंडाळा. विल्हेवाटीचं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला विचारा. तुकडे गोठ्याला किंवा चुलीमागं लावायला कोणी मागेल, देऊ नका.

बसवणं

रीपांचं अंतर टेपवर ठरवू नका, कवेलूवर ठरवा. बारा कवेलू जमिनीवर एकात एक अडकवून मांडा. एकदा ताणून आणि एकदा दाबून, मधल्या दहांची लांबी मोजा. दोन्हींची सरासरी काढून दहानं भागा. ते तुमचं अंतर. वळचणीची पहिली रीप बाकीच्यांपेक्षा एका कवेलूच्या जाडीनं उंच हवी, नाहीतर पहिली ओळ पुढं वाकते आणि तिच्याखाली पाणी उलटं शिरतं.

ओळ खालून वर, दोरी धरून. मंगलोरी कवेलूच्या खालच्या बाजूला एक गाठ असते, तिला भोक असतं. ते तार ओवण्यासाठी असतं, आणि आपल्याकडे ते कोणी वापरत नाही. वळचणीच्या दोन ओळी, कडेच्या दोन रांगा आणि माकडांच्या वाटेवरचा पट्टा जस्ती तारेनं रीपेला बांधा. या एका कामानं आमची पुढची फुटतूट कमी झाली. शाळेच्या झाडाची ती फांदीही कापली, अर्थात.

आढ्याचे कवेलू निव्वळ सिमेंटमध्ये बसवले तर दोन उन्हाळ्यांत तडा जातो. सिमेंट, चुना, वाळू असा एकास एक, सहा माल वापरा आणि तीन दिवस ओलं पोतं ठेवा. पोर्चच्या कोनाड्यात जस्ती पत्र्याची नाळ टाका, रुंदी दीड फुटाहून कमी नको, कडा दोन्हीकडून वर वळवलेल्या. भिंतीच्या सांध्यात पत्रा भिंतीत खाच पाडून आत घाला. वरून सिमेंट थापून दिलेली मगजी एका पावसाळ्याची असते.

कवेलूखाली साधं प्लास्टिक अंथरायचा सल्ला मिस्त्री देईल. त्यानं गळती थांबते आणि रीपा कुजतात.

पत्रा लावणाऱ्यांसाठी थोडक्यात: रबरी वॉशरचे स्क्रू उंचवट्यावर मारा, वॉशर चपटा होईपर्यंत आवळू नका. आडव्या सांध्यात सहा इंच चढण ठेवा. सहा मीटरचा पत्रा हिवाळ्यातली पहाट आणि मेची दुपार यांच्यात चार मिलिमीटर लांब होतो, त्याला हलायला जागा लागते. ग्राइंडरनं कापू नका, ठिणग्या रंग जाळतात आणि तिथूनच गंज सुरू होतो.

पाणी आणि वीज

वळचणीचं पाणी पायथ्याशी पडू देणं म्हणजे काळ्या मातीला फुगायला बोलावणं. पन्हळ लावा, आणि तिचं पाणी भिंतीपासून तीन-चार फूट लांब फरसबंद नालीत सोडा. आमच्या वेदीमागच्या भिंतीची तिरपी भेग छपरामुळं नव्हती, पन्हळ नसल्यामुळं होती.

शिखरावरचा क्रूस गावात सगळ्यात उंच असतो. छप्पर उघडं आहे तोवरच वीजरोधक बसवून घ्या: तांब्याची पट्टी, शक्य तितकी सरळ खाली, आणि तिला वेगळं अर्थिंग.

पैसे द्यायची रीत

चार हप्ते: साहित्य आल्यावर, कैच्या झाल्यावर, कवेलू बसल्यावर आणि शेवटचे दहा टक्के पोळ्यानंतर. तोवर जोरदार पाऊस होऊन गेलेला असतो. पहिल्या मोठ्या पावसात बॅटरी घेऊन आत जा आणि जुनी वही उघडा. आमच्या सव्वीस गोलांपैकी चोवीस कोरडे होते. उरलेले दोन पोर्चच्या नाळीखालचे. तिथं वाळलेली पानं अडकली होती.

म्हणून आता दरवर्षी मृगाच्या आधीच्या शनिवारी गावातली दोन पोरं बेल्ट लावून वर जातात, नाळ झाडतात, तारा ओढून बघतात, फुटलेले बदलतात. त्यासाठी शंभर कवेलू चर्चमागच्या खोलीत उभे रचून ठेवलेत. त्यांना हात लावायचा नाही, असं फादरांनी भिंतीवर लिहिलंय, तरी मागच्या वर्षी आठ कमी भरले.